जवानाचे मूल, गावाचे मूल

बेळगावहून खानापूरकडे जाणाऱ्या वाटेवर, हमरस्त्यापासून थोडे आत असलेल्या एका गावच्या शाळेतील ही गोष्ट. चौथीच्या वर्गाला बाईंनी एके दिवशी ‘माझे घर’ हे चित्र काढावयास सांगितले. मुलांनी नेहमीप्रमाणे कौलारू घरे काढली. मागे दोन डोंगर, त्यांच्या मधून उगवणारा सूर्य, अंगणात क्रूस, दारात गाय. शेवटच्या बाकावर, दोन महिन्यांपूर्वी शाळेत नव्याने आलेला एक मुलगा बसला होता. त्याच्या कागदावर घर नव्हतेच. तेथे होती एक काळी ट्रंक. तिला दोन कड्या, पुढे कुलूप आणि झाकणावर पांढऱ्या रंगात एक क्रमांक, हुद्दा व नाव. बाईंना वाटले, पोराने थट्टा मांडली आहे. त्यांनी जरा रागानेच विचारले, “अरे, घर काढायला सांगितले होते ना?”

मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, “बाई, घरे चार झाली. ही एकच आहे.”

ती ट्रंक त्याच्या वडिलांची होती. ते पलटणीत नाईक. नऊ वर्षांच्या आयुष्यात त्या मुलाने तीन छावण्या पाहिल्या होत्या, आणि आजोबांचे घर हे चौथे. प्रत्येक बदलीच्या वेळी पुस्तके, लोकरीचे कपडे आणि पवित्र मारियेची तसबीर त्याच ट्रंकेत भरली जाई, आणि नव्या क्वार्टरमध्ये सर्वांआधी तीच आत येई. आता वडील सीमेवर गेले होते. तेथे कुटुंब नेता येत नव्हते, म्हणून आई दोन लेकरांना घेऊन सासरी आली होती.

बाईंनी ते चित्र इतरांच्या चित्रांबरोबर भिंतीवर लावले. ही हकीकत आम्हास सांगताना त्या म्हणाल्या, “दोन महिने तो माझ्या वर्गात होता, पण मी त्याला त्या दिवशी प्रथम पाहिले.”

वाचकहो, आपल्या वाडीतील, आपल्या धर्मग्रामातील जवानाच्या मुलाला आपल्यापैकी किती जणांनी असे ‘पाहिले’ आहे?

बेळगावच्या आसमंतात सैनिक हा काही परका माणूस नव्हे. ज्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची परंपरा १७६८ सालापर्यंत मागे जाते, तिचे केंद्र १९२२ पासून ह्या शहरात आहे. पहाटेच्या कवायतीचा बिगूल ऐकत येथील पिढ्या वाढल्या. ख्रिस्ती घरांनाही हा पेशा नवा नाही. गोमंतकीय वादकांनी लष्करी बँड गाजविले. १९९० ते १९९३ ह्या काळात भारताच्या भूसेनेचे प्रमुख असलेले जनरल सुनीथ फ्रान्सिस रॉड्रिग्ज हे मूळ गोमंतकीय कुटुंबातले. जवान रजेवर आला की गाव त्याची विचारपूस करते, निवृत्त झाला की शाल-श्रीफळ देते. हे सर्व योग्यच आहे. परंतु एक गोष्ट आपल्या ध्यानात राहत नाही. शपथ बापाने घेतली. लेकराने ती घेतलेली नाही; तिचे शब्दही त्याला ठाऊक नाहीत. तरीही तिचा भार ते रोज वाहत असते. त्या भाराला पदक नाही व वेतनही नाही.

पीस आणि फील्ड

जवानाच्या घरात ‘पीस’ आणि ‘फील्ड’ हे दोन इंग्रजी शब्द लेकरे बोलू लागताच शिकतात. पीस म्हणजे शांततेच्या ठिकाणची नेमणूक. तेथे क्वार्टर मिळाले तर कुटुंब बरोबर राहू शकते. फील्ड म्हणजे सीमेवरची वा अशांत भागातली नेमणूक. तेथे बायकामुलांना जाता येत नाही. दोन-तीन वर्षांनी पलटण हलते, आणि तिच्याबरोबर सगळ्या घराचे नशीब हलते.

त्यामुळे जवानाच्या मुलाच्या वाट्याला दोन प्रकारची बालपणे येतात, आणि बहुधा दोन्ही आळीपाळीने येतात. एक छावणीतले, सतत बदलणारे. दुसरे गावातले, वडिलांविना.

छावणीतल्या बालपणाला मोठी श्रीमंती आहे. शेजारी गढवाली, पलीकडे तमिळ, समोर पंजाबी. लेकरू घरात मराठी, मैदानात हिंदी आणि वर्गात इंग्रजी बोलते. पुष्कळ छावण्यांतून ‘सर्व धर्म स्थळ’ असते. एकाच छताखाली मंदिर, गुरुद्वारा, मशीद आणि चर्च. सैन्यात पंडित, ग्रंथी व मौलवी ह्यांच्याप्रमाणे पाद्रीही धर्मशिक्षक म्हणून नेमले जातात. दुसऱ्याचा सण हा आपलाही आनंद आहे, हे ह्या मुलांना कोणी व्याख्यान देऊन शिकवावे लागत नाही.

पण ह्याच श्रीमंतीची एक किंमत असते. मूल गावच्या मराठी शाळेत परत आले की त्याला हिंदी वळणाची मराठी येत असते. ‘ळ’ हे अक्षर त्याच्या जिभेवर बसलेले नसते. ते ‘बाळ’ म्हणावयास जाते आणि ‘बाल’ म्हणते, ‘शाळा’ म्हणावयास जाते आणि ‘शाला’ म्हणते, आणि वर्ग हसतो. रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गातही तेच. प्रार्थना त्याला येतात, पण इंग्रजीतून वा हिंदीतून. पहिल्या ख्रिस्तप्रसादाची तयारी एका छावणीत सुरू झालेली असते, बदलीने अर्ध्यावर तुटते, आणि नव्या ठिकाणी पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागतो. एकदा मित्र जोडावा, तो सोडावा, पुन्हा जोडावा. तिसऱ्या-चौथ्या खेपेस काही मुले मित्र जोडण्याचेच सोडून देतात. शिक्षकांस ती ‘शांत, शहाणी’ वाटतात. ती शांत नसतात. केवळ सावध असतात.

परदेशी एक रीत

अमेरिकेत ह्या मुलांसाठी एक महिना राखून ठेवलेला आहे. तेथील संरक्षणमंत्री कॅस्पर वाइनबर्गर ह्यांनी १९८६ साली एप्रिल हा ‘सैनिकांच्या मुलांचा महिना’ म्हणून ठरविला. त्या महिन्यात एके दिवशी शाळेतील सगळी मुले व शिक्षक जांभळी वस्त्रे घालतात. भूदल, नौदल, वायुदल अशा सर्व दलांचे रंग एकत्र मिसळले की जांभळा होतो, अशी त्यामागची कल्पना. ह्या मुलांचे फूल म्हणून लोकांनी डँडेलियन मानले आहे. ते एक साधे रानफूल. त्याचे बी पांढऱ्या केसाळ पिसाऱ्यावर बसून वाऱ्याने जाते आणि जेथे पडेल तेथे मूळ धरते. आपल्याकडे रुईच्या बोंडातून तशीच केसाळ ‘म्हातारी’ उडते. आपली मुले तिच्यामागे धावतात. सैनिकाचे मूल तसेच, वारा नेईल तेथे रुजणारे.

उपमा सुंदर आहे, पण त्या समाजाने केवळ उपमेवर समाधान मानले नाही. तेथे सैनिकाचे मूल शालेय जीवनात सहा ते नऊ वेळा शाळा बदलते असे मानतात. राज्याराज्यांचे अभ्यासक्रम वेगळे असल्यामुळे ह्या मुलांची वर्षे वाया जात. म्हणून २००८ पासून राज्यांनी आपसांत एक करार केला, आणि पुढे सर्व पन्नास राज्ये त्यात सामील झाली. दाखला उशिरा आला म्हणून मुलाला दाराबाहेर उभे करावयाचे नाही, एका राज्यात शिकलेला विषय दुसऱ्याने मान्य करावयाचा, अशा त्यातील अटी. कौतुकाचा दिवस आणि दाखल्याची सोय ह्या दोहोंची जोड त्यांनी घातली, हे आपण शिकण्याजोगे आहे.

आपल्याकडे काय आहे

आपल्याकडेही ही सोय अगदीच नाही असे नव्हे. उलट, पुष्कळ आहे. पण ती ज्याच्यासाठी आहे त्याला तिची माहिती नसते. म्हणून येथे थोडे सविस्तर लिहितो.

ह्या मुलांच्या शिक्षणासाठी निघालेली एक जुनी संस्था आपल्या बेळगावातच आहे. येथील राष्ट्रीय मिलिटरी स्कूल १९४५ साली किंग जॉर्जच्या नावाने सुरू झाले. अशा शाळा देशात पाच आहेत. इतर चार चैल, अजमेर, बंगळूर व धोलपूर येथे. त्यांचा मूळ हेतूच जवानांच्या मुलांचे शिक्षण हा होता, आणि आजही त्यांच्यासाठी तेथे जागा राखून ठेवलेल्या असतात. सहावीत व नववीत प्रवेश परीक्षेने मिळतो. १९६१ च्या जून महिन्यात सातारा येथे देशातील पहिली सैनिक शाळा उघडली. सैनिक शाळांतूनही काही जागा सैनिकांच्या व माजी सैनिकांच्या मुलांस राखीव असतात. पूर्वी ह्या शाळा केवळ मुलग्यांच्या होत्या. अलीकडे त्यांची दारे मुलींनाही उघडली आहेत. लेक हुशार असेल तर आईबापांनी हे विसरू नये.

बदलीची अडचण ओळखून केंद्र सरकारने नोव्हेंबर १९६२ मध्ये केंद्रीय विद्यालयांची योजना मंजूर केली आणि पुढील वर्षी पलटणींच्या वीस शाळा हाती घेऊन तिचा आरंभ केला. सर्वत्र एकच अभ्यासक्रम असल्यामुळे जोधपूरला अर्धवट राहिलेला धडा बेळगावला वा गोव्यात बांबोळीला पुढे चालू राहतो. भूसेनेच्या शिक्षण संस्थेने १९८३ पासून काढलेल्या आर्मी पब्लिक स्कूलची संख्याही आज शंभराहून अधिक आहे.

पैशाचेही साहाय्य आहे. सेवेत असलेल्या जवानाला दोन मुलांपर्यंत शिक्षणभत्ता मिळतो. १ जानेवारी २०२४ पासून तो दरमहा दर मुलामागे २,८१२ रुपये ५० पैसे इतका आहे. मूल वसतिगृहात असेल तर ८,४३७ रुपये ५० पैसे. निवृत्त झालेल्या, हवालदार व त्याखालील हुद्द्याच्या सैनिकाच्या दोन मुलांपर्यंत पहिलीपासून पदवीपर्यंत संरक्षणमंत्र्यांच्या कल्याण निधीतून अनुदान मिळते. ते दरमहा १,००० रुपये होते. नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांसाठी ते २,००० रुपये करण्यात आले. बारावीत ६० टक्के गुण मिळवून व्यावसायिक शिक्षणाकडे वळणाऱ्या माजी सैनिकांच्या व वीरपत्नींच्या मुलांसाठी पंतप्रधानांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे; २०१९ पासून ती मुलींना दरमहा ३,००० व मुलांना २,५०० रुपये अशी झाली. निवृत्तांच्या ह्या दोन्ही योजनांची चौकशी जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात करावी. अर्ज केंद्रीय सैनिक मंडळाच्या संकेतस्थळावरून जातात.

ज्यांचे वडील रणात पडले, अपंग झाले वा बेपत्ता झाले, त्यांच्या मुलांची शिक्षण शुल्काची जबाबदारी १९७१ च्या युद्धानंतर सरकारने स्वीकारली. २०१७ साली तिच्यावर दरमहा १०,००० रुपयांची मर्यादा घालण्यात आली. सैनिकांच्या कुटुंबांना ती लागली. दिलेल्या शब्दाला कात्री लावली गेली अशी त्यांची भावना झाली. संरक्षण दलांच्या प्रमुखांनीही ती उठवावी असा आग्रह धरला, आणि २०१८ च्या मार्चमध्ये ती रद्द झाली. ह्या प्रकरणातून एक शिकावे. अशा मुलांना दिलेला शब्द हे उपकाराचे दान नव्हे. ते फेडावयाचे ऋण आहे.

पत्त्यात गाव नसते

आता त्या दुसऱ्या बालपणाकडे वळू या. गावात, वडिलांविना सरणाऱ्या.

पूर्वी जवानाची मुले पत्र लिहीत, तेव्हा त्यांना पत्त्याचे नवल वाटे. क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण आणि शेवटी ‘मार्फत ५६ ए. पी. ओ.’ किंवा ‘९९ ए. पी. ओ.’ बस्स. गाव नाही, तालुका नाही, जिल्हा नाही. जगातल्या प्रत्येक माणसाच्या पत्त्यात गाव असते. आपल्या पपांच्याच का नसते? आज पत्रांची जागा फोनने घेतली आहे. पण उंच ठाण्यावर फोन लागतोच असे नाही, आणि लागला तरी ‘तुम्ही कोठे आहात?’ ह्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर वडिलांना देता येत नाही. नऊ वर्षांचे मूल तो प्रश्न गिळावयास शिकते. म्हणून मोठ्यांनीही बाजारात, देवळाच्या पायरीवर त्याला हटकून ‘तुझे पपा सध्या कोठे?’ असे विचारू नये. ठाऊक असेल तर त्याने सांगू नये अशी शिस्त असते. ठाऊक नसेल तर त्या प्रश्नाने त्याच्या मनाला घोर लागतो.

जवानाला वर्षाकाठी साठ दिवसांची वार्षिक आणि तीस दिवसांची नैमित्तिक रजा असते. तीन महिने झाले की! असे कोणी म्हणेल. पण ती एकसलग मिळत नाही, हव्या त्या वेळी मिळत नाही, आणि तिच्यात छपराची कौले, आजोबांचा मोतीबिंदू, भावाचे लग्न, शेताचा बांध असे सगळे उरकावयाचे असते. रजेवर आलेल्या जवानाकडे कॅन्टीनच्या बाटलीची चौकशी करणारे पुष्कळ भेटतात. त्याला लेकराबरोबर एक दुपार निवांत बसू देणारा विरळा.

मे २०२५ मध्ये सीमेवर चार दिवस तोफा व विमाने गर्जत होती. त्या दिवसांत घरोघरचे दूरचित्रवाणी संच अहोरात्र चालू होते. खऱ्याबरोबर खोटेही त्यावर येत होते, आणि आपण ते चवीने ऐकत होतो. ज्या घरातला माणूस तेथे होता, त्या घरातले मूल कोपऱ्यात बसून तेच ऐकत होते. ते रडले नाही म्हणून त्याला भीती वाटली नाही असे नव्हे. पोटात दुखणे, रात्री दचकून उठणे, अंथरूण ओले होणे, धाकट्यावर विनाकारण हात उगारणे ही त्या भीतीचीच भाषा असते. अशा वेळी शहाण्या आईने संच बंद करावा, दिवसातून एकदा मोजकी व खरी बातमी मुलाला साध्या शब्दांत सांगावी, आणि जेवण, अभ्यास, जपमाळ व झोप ह्यांच्या वेळा ढळू देऊ नयेत. रोजचा क्रम हाच लेकराचा तट असतो.

आईचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक सांगावयाचे आहे. इराक व अफगाणिस्तान येथील युद्धांच्या काळात अमेरिकेत सैनिकांच्या सुमारे पंधराशे मुलांची पाहणी झाली. २००९-१० च्या सुमारास तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वडील जितके अधिक महिने दूर, तितक्या मुलाच्या अडचणी अधिक, हे तर त्यात दिसलेच. पण घरी राहिलेल्या पालकाचे मन जेथे खचले होते, तेथे मुलांच्या अडचणी जास्त आढळल्या. आपल्या आजी-पणजींना हे पाहणीवाचूनच माहीत होते. म्हणून जवानाच्या मुलाला साहाय्य करावयाचे तर प्रथम त्याच्या आईला हात द्यावा. रेशनच्या रांगेत, दवाखान्यात, पेरणीच्या दिवसांत तिला एकटे पडू देऊ नये. आणि ती एकटी आहे म्हणून तिच्या येण्याजाण्याची चर्चा तर मुळीच करू नये. त्या चर्चेची झळ शेवटी शाळेच्या अंगणात तिच्या लेकराला लागते.

पपा परत येतात

जवान लवकर निवृत्त होतो. बहुधा चाळिशीच्या आसपास. त्या वेळी मुले ऐन वाढीच्या वयात असतात. सर्वांना वाटते, आता सुख आले. पण ह्या सुखालाही एक अवघड उंबरठा असतो. इतकी वर्षे घर आईच्या शब्दावर चाललेले असते. थोरल्या मुलाने कर्त्या माणसाची जागा घेतलेली असते. थोरल्या मुलीने धाकट्यांना वाढविलेले असते. आता शिस्तीची सवय असलेला, हुकूम देण्याघेण्यात हयात घालविलेला एक माणूस घरात कायमचा राहावयास येतो. तो प्रेमाने येतो, पण त्याला घराच्या चाली ठाऊक नसतात. लेकरू त्याच्यावर प्रेम करते, पण त्याला ओळखत नाही.

येथे आम्हास पोलंडमधील वादोवित्से गावच्या एका निवृत्त सैन्याधिकाऱ्याची आठवण होते. १९२९ साली त्याची पत्नी वारली. तीन वर्षांनी थोरला मुलगाही गेला. धाकटा त्या वेळी बारा वर्षांचा होता. त्या सैनिकाने हाताने स्वयंपाक केला, कपडे शिवले, मुलाचा अभ्यास घेतला, त्याच्याबरोबर फिरावयास गेला. रात्री जाग आली की मुलाला बाप गुडघे टेकून प्रार्थना करताना दिसे. तो मुलगा म्हणजे पुढे संत झालेले पोप जॉन पॉल दुसरे. त्यांनी वडिलांच्या घराला आपले पहिले धर्मशिक्षणालय म्हटले, ते वडिलांच्या ह्याच शांत उदाहरणामुळे. परतलेल्या जवानाने आपल्या घरात अधिकाराने न शिरता असे सोबतीने शिरावे. पहिले काही महिने कमी बोलावे, अधिक ऐकावे. मुलाला शाळेत सोडावयास जावे. स्वयंपाकघरात हात लावावा. पलटणीतले नाते हुकमावर चालते, घरातले सहवासावर.

लहान शिपाई नव्हे

सत्काराच्या सभेत आपण जवानाच्या मुलाच्या डोक्यावर टोपी घालतो आणि विचारतो, “तूही पपांसारखा फौजी होणार ना?” मूल मान हलविते; दुसरे काय करील? त्याची इच्छा असेल तर उत्तमच. पण त्याने वडिलांचा गणवेश अंगावर चढविलाच पाहिजे, असा तगादा लावणे अन्यायाचे आहे.

संत मार्टिन हे सैनिकाचे मूल होते. चौथ्या शतकात रोमन सैन्यातील एका अधिकाऱ्याच्या घरी, आजच्या हंगेरीतील एका नगरात त्यांचा जन्म झाला. वडिलांबरोबर ते इटलीतील पाव्हिया येथे वाढले. निवृत्त सैनिकांच्या मुलांनी सैन्यात गेलेच पाहिजे असा बादशाही हुकूम होता. पंधराव्या वर्षी त्यांना इच्छेविरुद्ध भरती व्हावे लागले. तेथेही त्यांनी इमाने सेवा केली, आणि पुढे ते पद सोडून ते साधू व फ्रान्समधील तूर येथील बिशप झाले. संत तेरेझाचे वडील संत लुई मार्टिन हेही छावणीचेच मूल. १८२३ साली बोर्दो येथे त्यांचा जन्म झाला तेव्हा त्यांचे वडील स्पेनच्या मोहिमेवर होते. आव्हिन्यों, स्ट्रासबुर्ग, आलाँसों असे नगरामागून नगर पाहत ते वाढले, आणि मोठेपणी घड्याळजी झाले. एक बिशप झाला, एक कारागीर. वडिलांची सेवा मोठी होती; मुलांनी आपली वाट धरली म्हणून ती लहान झाली नाही.

आपण काय करावे

आपल्याला अमेरिकेचा एप्रिल उसना आणण्याची गरज नाही. आपल्या पंचांगात दोन दिवस आधीच आहेत. ११ नोव्हेंबरला संत मार्टिनचा सण येतो. १९१८ साली पहिले महायुद्ध थांबले तेही ह्याच तारखेस. आणि ७ डिसेंबर हा १९४९ पासून सशस्त्र सेना ध्वजदिन आहे. तो दरवर्षी आगमनकाळातच येतो. वेदीवर तेव्हा जांभळा रंग असतो, प्रतीक्षेचा रंग. वडिलांची वाट पाहणाऱ्या मुलांसाठी ह्याहून योग्य काळ कोणता? त्या रविवारी धर्मग्रामातील जवानांच्या मुलांना पुढे बोलवावे, त्यांनी वाचन करावे, त्यांच्या वडिलांसाठी नाव घेऊन प्रार्थना व्हावी. मग चहापाण्याला सर्वांनी त्यांच्याशी बोलावे. भाषण मात्र कोणी करू नये.

पण दिवस एक आणि वर्ष मोठे. म्हणून खरी कामे पुढची आहेत. शिक्षकांनी वर्षारंभी विचारून घ्यावे की कोणत्या मुलाचे वडील वा आई सैन्यात आहेत, आणि नव्या मुलाला पहिल्या दिवशीच एक सोबती जोडून द्यावा. त्याच्या ‘ळ’ला हसणाऱ्या वर्गाला सांगावे की ह्याला तीन भाषा येतात. धर्मगुरूंनी पहिल्या ख्रिस्तप्रसादाची तारीख ठरविताना जवानाच्या रजेची चौकशी करावी. आठ दिवसांनी सोहळा पुढे-मागे झाला तर काही बिघडत नाही, पण बाप हजर असला तर ते मूल जन्मभर विसरत नाही. बदली होऊन जाणाऱ्या कुटुंबाला मुलांच्या तयारीचा कागद हाती द्यावा, म्हणजे नव्या ठिकाणी आरंभापासून सुरुवात नको. तरुणांनी आजोबा-आजीला शिष्यवृत्तीचा अर्ज भरून द्यावा. मुदत टळल्यामुळे हक्काचे पैसे बुडाले, असे आपल्या गावात होऊ नये. शेजाऱ्यांनी लेकराला हाक मारून जेवावयास बसवावे, फुटबॉलच्या संघात घ्यावे, आणि चुकले तर आपल्या मुलाप्रमाणेच रागवावे. त्याला वीराचे लेकरू म्हणून मखरात बसवू नये, आणि बिचारे म्हणून दूरही ठेवू नये.

आम्येन्स नगराच्या वेशीत, कडाक्याच्या थंडीत कुडकुडणारा भिकारी पाहून तरुण मार्टिनने आपला झगा तलवारीने चिरला आणि अर्धा त्याला दिला. ती थंडी घालविणे त्याच्या हाती नव्हते. अर्धा झगा हाती होता. तसेच आपलेही आहे. सीमेवरच्या बापाला घरी आणणे आपल्याला शक्य नाही. पण रविवारी दुपारी त्याच्या लेकराला आपल्या पोरांबरोबर नदीवर नेणे, संध्याकाळी त्याचा गृहपाठ तपासणे आणि अंधार पडण्यापूर्वी त्याला आईच्या दारी पोहोचविणे हे आपल्या हाती आहे.

त्या शाळेच्या भिंतीवर ते काळ्या ट्रंकेचे चित्र अजून आहे. बाई सांगत होत्या की गेल्या परीक्षेच्या वेळी वर्गाला पुन्हा तेच चित्र काढावयास दिले होते. ह्या खेपेस मुलाने ट्रंक काढलीच. पण ती एका कौलारू घराच्या पडवीत ठेवलेली होती, आणि तिच्यावर तीन मुले बसून चिंचा खात होती.